आशिकची हुकलेली संधी आणि आपला रिकामा बॉक्स

प्रश्न : फुटबॉलमध्ये हाँगकाँगकडून भारत ०-१ हरला. आशिकने ती सोपी संधी साधली असती तर निकाल वेगळा लागला असता ना? आपल्याला धड एक स्ट्रायकरही मिळू नये?

साधली असती तर वेगळा लागला असता, हे खरंच. पण सगळं खापर आशिक कुरुनियनच्या डोक्यावर फोडायला माझा विरोध आहे. त्याच्यावर माझी जुनी माया आहे, तेही आधीच सांगतो. २०१७-१८च्या मोसमात आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटीच्या सामन्यांना मी बालेवाडीला जायचो. आशिक तेव्हा आमच्या संघात होता आणि गोलकीपर विशाल कैथही. १० जून २०२५ला हाँगकाँगमधल्या काय टाकच्या स्टेडियममध्ये एकाने गोल हुकवला आणि दुसऱ्याच्या चुकीने भरपाई वेळेत हाँगकाँगला पेनल्टी मिळाली. त्यांच्या स्टेफन परेराने ती मारली आणि सामना संपला. घरातलंच कुणी चुकावं तसं मला झालं.

आता आक्रमणाकडे येतो. पहिल्या हाफमध्ये लिस्टन कोलासोने आशिकला आडवा पास दिला, समोर गोल जवळजवळ मोकळा होता, आणि चेंडू बाहेर गेला. असं कुठल्याही फॉरवर्डचं होतं. मात्र चांगल्या संघात त्याला भरवसा असतो की थोड्या वेळात आणखी एक चेंडू असाच पायाशी येणार आहे. आपल्याकडे तो भरवसा नाही. माझ्या मते तेवढी स्वच्छ संधी नंतर आलीच नाही.

भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ आल्यापासून या हारेपर्यंतचे सामने मी वहीत मांडून पाहिले : मॉरिशस, सीरिया, व्हिएतनाम, मलेशिया, मालदीव, बांगलादेश, थायलंड, हाँगकाँग. आठ सामने, विजय एक, गोल ५. त्यांतले ३ एकट्या मालदीवविरुद्धचे. हे पाच गोल आले कसे, ते बघा. राहुल भेकेचे दोन, दोन्ही कॉर्नरवर हेडरने. आणि भेके तर बचावपटू. लिस्टनचा एक, तोही कॉर्नरवरच. म्हणजे चालत्या खेळात उरले दोन. व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरीने लांब पासवर कीपरच्या डोक्यावरून घातलेला, आणि मालदीवविरुद्ध लिस्टनच्या क्रॉसवर, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, सुनील छेत्रीचा हेडर. आठ सामन्यांत चालत्या खेळातून दोन गोल! हे कळल्यावर एका हुकलेल्या फटक्यावर रागावत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

पुन्हा हायलाइट्स बघाल तर एक करा. आपला विंगर, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड, एंड लाइनपर्यंत (गोलच्या बाजूची टोकाची रेषा) पोहोचला की तिथेच थांबवा आणि बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, आपले किती जण आहेत ते मोजा. बहुतेक वेळा एक, फार तर दोन. खरं तर तीन जागा भरायला हव्यात. एकाने जवळच्या पोस्टकडे झेपावून बचावपटूंना ओढायचं, दुसऱ्याने लांबच्या पोस्टवर यायचं आणि तिसऱ्याने पेनल्टी स्पॉटच्या आसपास मागे आलेल्या पाससाठी थांबायचं. ही तिसरी जागा मध्यफळीतल्या खेळाडूची, आणि आपली मध्यफळी प्रतिहल्ल्याच्या भीतीने मागेच राहते. पलीकडचा विंगर टचलाइनजवळ, मैदानाच्या कडेला, उभा असतो. मग क्रॉस चांगला असो की वाईट, समोरच्या चार बचावपटूंना तो परतवणं सोपंच जातं.

स्ट्रायकर का मिळत नाही, याचं उत्तर मला बालेवाडीतच दिसतं. त्या मोसमात पुणे सिटी पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेली. गोलांसाठी आमची भिस्त उरुग्वेच्या आल्फारोवर आणि ब्राझीलच्या मार्सेलिन्योवर. बंगळुरूविरुद्ध बालेवाडीत ०-० झालं, आणि मग त्यांच्या मैदानावर आम्ही १-३ हरलो. ते तिन्ही गोल छेत्रीचे. त्या रात्री खूप वाईट वाटलं, पण आज आठवतं ते वेगळंच. आमचा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, परदेशी होता आणि आशिकसारखा पोरगा विंगला. इतर क्लबांतही जवळपास हेच चित्र. २०१४ पासून २०२४-२५पर्यंत आयएसएलमध्ये सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळाला नाही. २०२४-२५च्या मोसमात मोरोक्कोच्या अजराईने २३ गोल केले. भारतीयांत सगळ्यांत पुढे छेत्री, १४ गोल, तेव्हा वय ४०. २०२४मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेल्या माणसाला २०२५मध्ये परत बोलवावं लागलं, ते काही उगीच नाही. आणि ज्याने क्लबमध्ये वर्षानुवर्षं बाजूने पळून पास दिले, त्याने देशासाठी मात्र बॉक्सच्या मधोमध उभं राहून गोल करावेत अशी आपली अपेक्षा.

क्लबांनाही मी पुरता दोष देणार नाही. पैसे टाकले की त्यांना लगेच निकाल हवा असतो. हे मुळात फार खालच्या वयात बिघडतं. मी रविवारी सकाळी शिवाजीनगरला बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. आठवडाभर ती कोथरूड-बाणेरच्या भाड्याच्या छोट्या टर्फवर खेळतात. तिथे क्रॉस नाही, लांबून धावत येणं नाही. चेंडू मिळाला की दोघांना चकवायचं आणि मारायचं. त्याने पाय छान तयार होतात, पण चेंडू आपल्याकडे नसताना कुठे जायचं ते कळत नाही. मोठ्या मैदानावर आली की सगळी चेंडूमागे धावतात आणि बॉक्स रिकामा.

म्हणून गेले दोन महिने मी एकच सराव जास्त घेतोय. विंगरने चेंडू एंड लाइनपर्यंत न्यायचा, आणि पास निघण्याआधी तिन्ही जागा भरलेल्या हव्यात. एक जरी रिकामी दिसली तर गोल धरायचा नाही, मग फटका कितीही सुंदर असो. सुरुवातीला मुलं वैतागली, एक तर रडकुंडीला आला. गेल्या रविवारी त्याच मुलाने लांबच्या पोस्टवर सलग चार वेळा धाव घेतली. चेंडू त्याच्यापर्यंत एकदाही पोहोचला नाही. पाचव्यांदाही तो धावला.