डॅक घ्या, पण हजार-दोन हजारांचा आणि एकरकमी

प्रश्न : वय २७, नाशिकला नोकरी, हातात पगार ३४,००० रुपये. नव्या फोनला हेडफोन जॅक नाही आणि लॅपटॉपच्या जॅकमधून सतत खरखर येते. इअरफोन वायरचे, २,००० रुपयांचे, ३२ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध). रात्री तासभर गाणं ऐकणं हा माझा एकच शौक. ९,००० रुपयांचा यूएसबी डॅक (डिजिटल आवाज इअरफोनला लागणाऱ्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारं छोटं यंत्र) सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? क्रेडिट कार्डावर १८,००० थकले आहेत, महिना साडेतीन टक्के व्याज लागतं. दरमहा ९०० भरतो.

उत्तर : शौक सोडा असं मी म्हणणार नाही. डॅक घ्याच. फक्त ९,०००चा नको, आणि ईएमआयवर तर नकोच.

आधी कार्ड, कारण खरी गळती तिथे आहे. १८,०००वर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याला ६३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७४३. तुम्ही ९०० भरता, म्हणजे मुद्दलातून जेमतेम १५७ रुपये कमी होतात. डॅकच्या हप्त्यासाठी जे १,५०० बाजूला काढणार होता, तेही कार्डातच भरा. महिना २,४०० गेले आणि कार्डावर नवी खरेदी केली नाही, तर नऊ-दहा महिन्यांत कार्ड मोकळं होईल. आणि नो-कॉस्ट म्हणजे फुकट नव्हे. व्याजाइतकी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते.

आता वस्तूकडे येऊ. ३२ ओहमच्या इअरफोनला फार ताकद लागत नाही. अ‍ॅपलचा टाइप-सी ते ३.५ मिमी अडॅप्टर साधारण हजार रुपयांना येतो. दिसायला वायरीचा तुकडा, पण आत पूर्ण डॅक आहे आणि तो २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत चालतो (बिट म्हणजे आवाजाच्या प्रत्येक नोंदीची बारकाई, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार नोंदी). सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते. महागड्या डॅकच्या खोक्यावरचे ३८४ किलोहर्ट्झ तुमच्या कानाला कळणार नाहीत. माणसाची ऐकण्याची मर्यादाच साधारण २० किलोहर्ट्झ कंपनांची आहे, आणि तेवढ्यासाठी त्याच्या दुपटीहून थोड्या जास्त, म्हणजे सीडीइतक्या नोंदी पुरतात. त्या ९,०००मध्ये बहुधा ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकचेही (डाव्या-उजव्या कानाच्या वायरी वेगळ्या ठेवणाऱ्या जाड जॅकचे) पैसे धरलेले असतात आणि तुमच्या इअरफोनची पिन ३.५ची. उद्या ३०० ओहमचे मोठे हेडफोन घेतलेत तर जास्त ताकदीचा डॅक लागेल. तो विचार कार्ड फिटल्यावर करू. लॅपटॉपची खरखर बहुधा आतल्या सर्किटच्या गोंगाटाची असते, बाहेरच्या छोट्या डॅकनेही ती सहसा जाते.

दीडशे रुपयांचा अडॅप्टर मात्र घेऊ नका. त्यातल्या अनेकांत डॅकची चिपच नसते. फोन स्वतः टाइप-सीमधून अ‍ॅनालॉग आवाज देत असेल तरच ते चालतात.

पैसे यूपीआयने थेट खात्यातून द्या. थकबाकी असताना कार्डाने घेतलं तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

मागवण्याआधी परत करण्याची मुदत बघून ठेवा. अ‍ॅपलचा अडॅप्टर काही अँड्रॉइड फोनवर फारच कमी आवाजात वाजतो. तुमच्या फोनवर तसं झालं तर परत करून दीड-दोन हजारांतला दुसऱ्या कंपनीचा घ्या. आणि दोन डॅक ताडून बघाल तेव्हा दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.