खुनी कोण हे गेम सांगत नाही, मग आपल्याला कळतं कसं?

मागच्या अंकात डिटेक्टिव्ह गेम्सवर दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा पाऊसच पडला. त्यातले चार घेतोय. नावं टाकत नाही, गावं टाकतो.

नाशिकहून एक कॉलेजवाला: दादा, अशा गेममध्ये शेवटी चार संशयित दाखवतात आणि एकावर टिक करायची. चारदा ट्राय मारला की झालं. खरंच डोकं लावायला लावणारा गेम आहे का?

बरोबर नस पकडलीस. डिटेक्टिव्ह गेम बनवणाऱ्याची खरी डोकेदुखी खून कसा झाला ही नसतेच, खेळणाऱ्याला खरंच कळलंय की तुक्का लागलाय हे गेमने ओळखायचं कसं, ही असते. पर्याय दिले की तुक्के सुरू, आणि पर्याय नाही दिले तर माणूस कंटाळून बंद करतो.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' खेळ. 2018 चा गेम, लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला. गोष्ट 1807 ची. ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता जहाज परत येतं, त्यावर जिवंत कोणीच नाही, आणि आपण इन्शुरन्सचे इन्स्पेक्टर. जहाजावर होते 60 जण, त्यात आपले भारतीय खलाशीही आहेत. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, मारला असेल तर कोणी, हे सगळं वहीत भरायचं. हातात एक जादूचं घड्याळ, ते मृतदेहाजवळ नेलं की मरणाचा तो एक क्षण गोठलेला दिसतो आणि त्याच्या आधीचं थोडं बोलणं ऐकू येतं. बास, एवढंच.

आता गंमत बघ. एक उत्तर बरोबर आलं तरी गेम गप्प. तीन जणांचं सगळं बरोबर जुळलं की मगच वही ते पक्कं करते. त्यामुळे एकेकावर नावं बदलत बसून काही होत नाही. हां, दोघांची खात्री असेल तर तिसऱ्यावर ठोकताळे लावता येतात, सगळेच लावतात, पण 60 जणांत ते कितीसं पुरणार? पुरावेही कुठे कुठे लपवलेत! खलाशी झोळ्यांमध्ये झोपलेत, चेहरे दिसत नाहीत, पण झोळीला नंबर लावलाय आणि तोच नंबर खलाशांच्या यादीत आहे. मग झोळीबाहेर आलेले पाय बघायचे, ते बूट दुसऱ्या सीनमध्ये कोणाच्या पायात होते ते शोधायचं. तुला कोणी सांगत नाही की बूट बघ. ते तुझं तुला सुचतं, आणि सुचलं की जो काही आनंद होतो ना, त्यासाठीच लोक हे गेम खेळतात.

ठाण्याहून एक आई: मुलगा गेम खेळताना वहीत सारखं काहीतरी लिहितो आणि जेवताना 'ती बाई खोटं का बोलली असेल' असं पुटपुटतो. काळजी करू का?

ताई, वर्णनावरून 'हर स्टोरी' वाटतोय. 2015 चा, सॅम बार्लोचा, फोनवरही मिळतो. एका बाईचा नवरा गायब झालाय आणि 1994 मधले तिच्या पोलीस चौकशीचे व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये पडलेत, तुकडे तुकडे करून. आपण शब्द टाईप करायचा, तो शब्द ती जिथे जिथे बोललीये ते तुकडे निघतात, पण बघायला मिळतात फक्त पहिले पाच. म्हणून नेमका शब्द सुचायला लागतो, म्हणून ती वही. विषय मोठ्यांचा आहे, मुलगा लहान असेल तर आधी तुम्ही थोडा बघा. बाकी काळजीचं काही नाही, उलट शेजारी बसा आणि एखादा शब्द तुम्ही सुचवा.

पुण्याहून, जाहिरात क्षेत्रातले एक वाचक: रहस्य सांगितलं तर गेम फुटला, नाही सांगितलं तर घेणार कोण? विकतात कसा?

मोठ्या कंपन्या रहस्य सोडून दुसरंच काहीतरी विकतात. 'एल ए न्वार' या डिटेक्टिव्ह गेमने 2011 मध्ये चेहरे विकले. नटाच्या भोवती 32 कॅमेरे लावून त्याचा चेहरा टिपला, का, तर साक्षीदार खोटं बोलतोय हे तुम्ही त्याच्या तोंडावरून ओळखायचं. न्यूयॉर्कच्या ट्रायबेका फिल्म फेस्टिव्हलमध्येही दाखवला, म्हणजे नेहमीच्या गेमर्सपलीकडे चर्चा. आता यातला विनोद म्हणजे संशय घ्यायच्या बटणाला आधी 'फोर्स', म्हणजे दमात घ्या, असं नाव होतं, ते बदलून 'डाउट' केलं आणि संवाद मात्र तेच ठेवले. त्यामुळे आपण नुसती शंका घ्यायला जावं तर आपला हिरो समोरच्यावर खेकसतोच. 2017 च्या आवृत्तीत त्या पर्यायांची नावं बदलली.

छोट्यांकडे एवढे पैसे नसतात. त्यांचं हत्यार म्हणजे फुकट डेमो, एकच केस द्यायची, ती सुटली की माणूस पुढच्या केससाठी थांबतो. आणि स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, विकत घेतल्यापासून 14 दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, त्यामुळे पहिल्या दोन तासांत पकड बसलीच पाहिजे. गेम खेळून दाखवणाऱ्या यूट्यूबवाल्यांचं मात्र दुधारी आहे. बघणाऱ्याला उत्तर कळलं की तो गेम कशाला घेईल? पण खेळणारा चुकत असताना 'अरे मागे बघ ना, मागे' असं ओरडणाऱ्यांतलेच काही जण व्हिडिओ बंद करून गेम घेतात, असं माझं मत.

कोल्हापूरहून एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी: मला असा गेम बनवायचाय, ड्रॉइंग येत नाही, सुरुवात कुठून करू?

कागदावर. आधी खरं काय घडलं ते मिनिटामिनिटाने लिही, मग प्रत्येक गोष्टीला निदान दोन पुरावे ठेव, कारण एक हमखास नजरेतून सुटतो. मग ट्वाइन घे, ते शब्दांतून गोष्टीचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, चित्रं लागत नाहीत आणि साध्या गोष्टीला कोडिंगही फारसं लागत नाही. ओब्रा डिनमध्ये बोलण्याच्या ढंगावरून माणूस कुठला ते ओळखायला लागतं. आपल्याकडे तर सोन्याची खाण आहे, एक मालवणी बोलणारा, एक वऱ्हाडी, एक तुमच्याकडचा, आणि चिठ्ठी कोणी लिहिली ते भाषेवरून शोधा. मैत्रिणीला खेळायला दे आणि शेजारी बस, पण तोंड उघडू नकोस. ती जिथे अडकेल ती जागा लिहून ठेव, तिथेच दुरुस्ती करायची आहे.