सोलापूरजवळच्या नान्नजच्या द्राक्षपट्ट्यात पहिली सायकल राइड

पावसाळ्यात नको. आपली काळी माती भिजली की टायर आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मधे अशी बसते की चाकच फिरत नाही; मग सायकल खांद्यावर. जानेवारी-फेब्रुवारीत जा, पहाटेच. ४० मिमीचे ट्यूबलेस टायर घाल, सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) भरपूर टाक, बाभळीचे काटे कुणाला सोडत नाहीत. बागेत फवारणी चालू असेल तर थांबू नकोस, विचारल्याशिवाय घड तोडू नकोस. (मागितलंस तर पिशवीभर देतील, ती कुठे ठेवायची तुझं तू बघ.) द्राक्षाचा सोनाका वाण नान्नजचाच, तिथल्या नानासाहेब काळ्यांनी काढलेला. माळढोक अभयारण्याच्या कुरणात मात्र सायकल घालायची नाही.

भुईकोट किल्ला सोलापुरातच आहे, कधीही होईल. हत्तरसंग कुडलला वेगळा दिवस दे: भीमा-सीनेचा संगम, १०१८ सालचा मराठी शिलालेख, आणि रस्ता नान्नजच्या अगदी उलट दिशेला.