वाचक विचारतात : डीएनए गणित कसे सोडवतो?

प्रश्न : डीएनए गणित सोडवतो, म्हणजे नेमके काय होते? – एक वाचक, कराड

उत्तर : १९९४ मध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लेनर्ड एडलमन यांनी सात गावांना प्रत्येकी एकदाच भेट देणारी वाट शोधण्याचे गणित परीक्षानळीत डीएनएकडून सोडवून घेतले. प्रत्येक गावाला डीएनएच्या २० अक्षरांचा (ए, टी, जी, सी) तुकडा. समजा, सातारा–कराड रस्ता हवा आहे : साताऱ्याची शेवटची १० आणि कराडची पहिली १० अक्षरे, झाला रस्ता! कराडचा पूरक तुकडा (अक्षरांशी जोडी जमून चिकटणारा) येणारा आणि जाणारा रस्ता शेजारी धरून ठेवतो, लायगेज हे विकर (एन्झाइम) त्यांना सांधते. मग पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने) योग्य सुरुवात-शेवटाच्या साखळ्या वाढवायच्या, तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलमधून १४० (७ × २०) अक्षरांची पट्टी कापायची आणि गावाचा पूरक तुकडा लावलेल्या चुंबकी मण्यांनी एकेक गाव आहे का ते पाहायचे. या गाळणीतच दिवस जातात. अक्षरक्रम एकमेकांसारखे निवडले, तर तुकडे भलतीकडेच चिकटतात. गावे वाढली की डीएनए अफाट लागतो. खरी अडचण तीच.