मानसोपचाराच्या एवढ्या पद्धती, मी कोणती निवडू?

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. मला पुरुषांविषयी आकर्षण वाटते हे घरी कळल्यावर, एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी मला एका डॉक्टरांकडे ‘बदलून आणायला’ नेले. तिथे वर्षभर जे चालले ते आजही पाठ सोडत नाही. कुठे स्पिरिटचा वास आला तरी हातपाय गार पडतात. एक मित्र विवेकनिष्ठ मानसोपचार (अविवेकी विचार ओळखून बदलण्याची पद्धती) घे म्हणतो, मी स्वतः ईएमडीआर या डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणाऱ्या उपचाराविषयी वाचले आहे. मला हा त्रास संपवायचा आहे आणि आपण नेमके कोण, हेही समजून घ्यायचे आहे. काय करू?
— नाव प्रसिद्ध करू नये

उत्तर : तुमच्यावर जे झाले त्याला उपचार म्हणता येत नाही, हे आधी नोंदवते. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच वगळली होती, आणि लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले. तुमची इजा उपचाराच्याच खोलीत झालेली असल्यामुळे, कोणती पद्धती घ्यावी याच्याही आधी, पुन्हा तशाच एका खोलीत निर्धास्त कसे बसता येईल, हे पाहावे लागेल.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, घडलेल्याची आठवण व त्याचा शोक, आणि पुन्हा माणसांत मिसळणे. पहिला टप्पा बाहेरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटतो. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची का, नको झाले तर हात वर करून थांबवायचे का, वास जाणवताच पाय जमिनीवर घट्ट टेकून समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यायची का, एवढेच त्यात ठरते. यात चार-सहा बैठका गेल्या तरी त्या वाया गेल्या असे समजू नका.

त्यानंतर ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या या पद्धतीत तुम्ही तो प्रसंग मनात धरता आणि उपचारकाची डावी-उजवीकडे हलणारी बोटे नजरेने टिपता. थोड्या वेळाने ते थांबून ‘आता काय जाणवते?’ एवढेच विचारतात. सगळी हकीकत तपशिलाने सांगण्याची सक्ती नसते, आणि तुमच्यासारख्याला हा मोठाच दिलासा आहे. डोळ्यांच्या हालचालींचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद असला, तरी आघातोत्तर ताणासाठी जागतिक आरोग्य संघटना या पद्धतीची शिफारस करते.

मित्राचा सल्ला चुकीचा नाही, फक्त घाईचा आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला विवेकनिष्ठ पद्धती परिचयाची आहे, आणि स्वतःचा विनाअट स्वीकार हा तिचा गाभा तुमच्या फार उपयोगाचा आहे. मात्र शरीर अजून घाबरलेले असताना ‘तुझा विचारच अविवेकी आहे’ असे कुणी सांगितले, तर त्या जुन्या डॉक्टरांचाच सूर पुन्हा कानी पडल्यासारखे होईल. गंमत म्हणजे या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस हेही एके काळी समलैंगिकतेवर ‘इलाज’ आहे असे लिहीत होते. पुढे त्यांनी ते मत बदलले.

‘आपण कोण’ या प्रश्नासाठी मी कथनोपचार सुचवेन. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी घडवलेल्या या पद्धतीत समस्या माणसापासून वेगळी काढून पाहिली जाते. तुमच्याविषयीची एक कथा त्या केसपेपरवर दुसऱ्यांनी लिहिली. इथे ती तुम्ही लिहिता, आणि त्या वर्षात तुम्ही मनातल्या मनात कुठे कुठे नकार दिला होता, तेही शोधता. अनेकांना तो नकार आठवतो तेव्हा पहिल्यांदा रडू येते.

उपचारक निवडताना फोनवरच विचारा : ‘लैंगिक कल बदलता येतो असे तुम्हाला वाटते का?’ उत्तर ‘आधी कारण शोधू’ असे सुरू झाले, तर आभार मानून फोन ठेवा. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेने समुपदेशकांसाठी या विषयाचे खास प्रशिक्षण चालवले आहे. ते घेतले आहे का, हेही विचारता येईल. घरच्यांना काही कळवले जाईल ही धास्ती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. झोपच उडाली असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडून औषध घेण्यात कमीपणा मानू नका, आणि एखादी रात्र फारच जड गेली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.