वाचक विचारतात: पेपरात सदर लिहून घर चालतं का?

प्रश्न: काका, मी देवगड तालुक्यातला, वय 24, बीए झालंय. जिल्ह्याच्या पेपरात माझी पत्रं येतात. आता संपादक म्हणतायत दर रविवारी राजकारणावर सदर लिही, पण मानधनाचं विचारलं की 'बघू', वर जाहिराती पण आण म्हणतात. बाबा म्हणतात आंब्याची कलमं सांभाळ. काय करू?

उत्तर: अरे, बाबांचं ऐक आणि सदर पण लिही! तुझ्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढलं म्हणून आपण दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घालतो, पण ते मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे पण, आणि 'दर्पण' 1840 ला बंदच पडलं, हे भाषणात कोण सांगत नाही. जिल्हा पेपरात नुसत्या लिहिण्यावर घर चालवणारे फार थोडे. बाकीच्यांचं दुकान, शेती नायतर बायकोची नोकरी.

जाहिरातीला मात्र पहिल्याच दिवशी नाही म्हण. ज्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचं अख्खं पान तू कमिशनवर आणलंस, त्याच्यावर रविवारी काय डोंबल लिहिणार? आणि गावात कोणाची जाहिरात कोणी आणली ते सगळ्यांना ठाऊक असतं, मुंबईतल्या चाकरमान्यांना तर आपल्या आधी कळतं.

लिहायचं काय म्हणशील तर कात्रणं ठेव, तारखेसकट. नाणारची रिफायनरी 2019 ला रद्द झाली, मग बारसूचं नाव आलं, तेव्हा कोण कुठल्या बाजूला होतं आणि खुर्ची बदलल्यावर काय बोलायला लागलं, एवढं समोरासमोर ठेवलंस तरी सदर झालं, विशेषणं लागतच नाहीत. आणि म्हाताऱ्यांकडे जाऊन बस जरा. खासदार नाथ पै, मग 1971 ते 1991 मधु दंडवते, तो जुना राजापूर मतदारसंघ (2009 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग) ज्यांनी बघितलाय त्यांच्या गजालीत जे मिळेल ते पक्षाच्या प्रेसनोटमध्ये नाही मिळायचं.

आता तू न विचारलेलं. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीने उडवलं, रिफायनरीच्या एका समर्थकाबद्दल त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. खुनाचा गुन्हा दाखल झाला. घाबरवत नाही, पण घरच्यांना हे माहीत असूदे आणि कोणावर काय लिहितोयस ते संपादकाशिवाय अजून एकाला तरी सांगून ठेव.

बदनामीची केस तर होतेच कधीतरी, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या हिताचं होतं हे पण दाखवावं लागतं. म्हणून ग्रामसभेचं प्रोसिडिंग, सातबारा, माहिती अधिकारातलं उत्तर, जे काय असेल त्याची झेरॉक्स आधी, लेख नंतर. मानधन किती ते पण कागदावर घे, पाचशे का असेना.