कावा चांगला, मग कावेबाज वाईट का?

गिरगावात मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे, की सातवीतल्या एका मुलाने निबंधात ‘शिवाजी महाराज फार कावेबाज होते’ असे लिहिले, त्यांनी ‘कावेबाज’खाली लाल रेघ ओढली, तेव्हा मुलाने उलट विचारले, ‘बाई, गनिमी कावा चांगला, मग कावेबाज वाईट कसा?’ रेघ बरोबर की चूक, असा त्यांचा प्रश्न आहे.

मुलाची शंका रास्त आहे. ‘कावा’ हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ घोड्याला रिंगणात फिरवणे असा आहे. महालक्ष्मीला घोडेस्वारी शिकवतात तिथे हे आजही पाहायला मिळते: मधोमध एक माणूस लांब दोर धरून उभा असतो, दोराच्या दुसऱ्या टोकाला घोडा गोल धावत असतो, आणि इशारा मिळताच तोंड फिरवून उलट्या दिशेने धावू लागतो. असा मुरलेला घोडा लढाईत असला, की समोरून आलेला वार हुकवून स्वार शत्रूच्या पिछाडीला पोहोचतो. यातूनच पुढे हुलकावणी, डावपेच आणि शेवटी कपट असे अर्थ ‘कावा’ला चिकटले. म्हणजे मुळात हा शब्द खोटे बोलण्याचा नाही, वळण्याचा आहे.

‘गनीम’ हा अरबी शब्द लुटीशी नाते सांगणारा आहे. मुंबईच्या हिंदीत ‘गनीमत है’ म्हणतात तो त्याचाच भाऊबंद. मोगलांच्या फारसी लेखनात मराठ्यांना गनीम म्हटलेले आढळते, तर मराठी कागदांत शत्रू तो गनीम. (‘गनिमी’ आणि ‘गेरिला’ यांचा मात्र काही संबंध नाही. तो स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ ‘छोटे युद्ध’ असा आहे.)

या शब्दातले रिंगण प्रत्यक्ष पाहायचे तर मुंबईकरांनी वडगावची लढाई आठवावी. १७७८ च्या नोव्हेंबरात इंग्रजांची सुमारे ३,९०० सैनिकांची फौज मुंबईहून पुण्याकडे निघाली, आणि तिच्या सामानासाठी १९,००० च्या आसपास बैल होते. तोफा आणि कवायत दोन्ही त्यांच्या बाजूला. पण एवढे लटांबर घेऊन बोरघाट चढायचा म्हणजे गोगलगाईची चाल. मराठ्यांनी समोर ठाकून लढाई देण्याचे टाळले, बगलेवर स्वार ठेवले, रसद तोडली, आणि इंग्रज तळेगावला पोहोचले तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले होते. तिथून पुणे जवळ असूनही इंग्रजांनी माघार घ्यायचे ठरवले, जड तोफा तळ्यात ढकलल्या, आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना घेरले. जानेवारी १७७९ मध्ये तह झाला. या मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला मराठ्यांनी ‘इष्टूर फाकडा’ म्हणून लोकस्मृतीत ठेवले, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. ज्यांनी शत्रूला चकवले त्यांनीच त्याच्या शौर्याला ‘फाकडा’ हे देखणे विशेषण दिले.

आता ‘कावेबाज’. दोष ‘बाज’ या प्रत्ययाचा आहे असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ‘दगाबाज’ शिवी असली तरी ‘धडाकेबाज’ आणि ‘फटकेबाज’ कौतुकाचेच आहेत. फरक पडतो तो कावा कुणावर चालवला यामुळे. ‘गनिमी कावा’ या जोडशब्दात शत्रू नावानिशी हजर आहे, त्यामुळे डाव कुठे टाकला ते वेगळे सांगावे लागत नाही. ‘कावेबाज’मधून तो गनीम गळून पडतो आणि उरतो तो डाव टाकण्याचा स्वभाव, जो भाऊबंदांवर, भागीदारांवर, चाळीतल्या शेजाऱ्यावरही चालू शकतो. म्हणून ‘कावेबाज माणूस’ म्हटले, की डोळ्यांसमोर सेनापती उभा राहत नाही, वाटणीच्या कागदावर गोड बोलून सही घेणारा काका उभा राहतो.

तेव्हा बाई, रेघ राहू द्यावी. फक्त समासात ‘युक्तिबाज’ किंवा ‘धोरणी’ असे लिहावे, आणि त्या वाक्याचे गुण मात्र कापू नयेत.